ज्यांना बोलावले नाही, त्यांच्यासाठी फोटो



तुळशीचे लग्न लागले की आपल्या दारात पत्रिका येऊ लागतात. कोणाच्या घरी मांडवाची बोलणी चालू असतात, कोणाच्या घरी वाजंत्रीची. अशा वेळी घरातले जाणते माणूस फोटोवाल्याला बयाणा देते आणि विसरून जाते. फोटो म्हणजे लग्नातले शेवटचे काम, अशी आपली समजूत. मी पेशाने कृषी विस्तार अधिकारी. बियाणे, खते, कीड आणि रोग हे माझे विषय. तरी आज फोटोविषयी लिहायला बसलो आहे, कारण २०२२ सालच्या डिसेंबरात माझ्या भाचीचे लग्न लागले आणि त्या लग्नात मला एक गोष्ट पुरती उमजली. ती तुमच्या घरच्या कार्यात उपयोगी पडेल असे वाटते.

माझ्या लग्नाचा अल्बम

आधी माझ्याच घरची चूक सांगतो. माझे लग्न १९९५ च्या मे महिन्यात झाले. तालुक्याच्या गावाहून फोटोग्राफर आणला होता. त्या काळी एका रोलमध्ये छत्तीस फोटो निघत. आम्ही दोन रोल ठरवले, म्हणजे बहात्तर फोटो. अल्बम आला तेव्हा सगळे घर भोवती बसले. पाहतो तो काय, बहात्तरपैकी पन्नासाच्या वर फोटो आहेर देणाऱ्यांचे! आम्ही दोघे खुर्चीवर बसलेलो, शेजारी एकेक पाहुणा येतो, पाकीट पुढे करतो, कॅमेऱ्याकडे पाहतो आणि जातो. आज त्यातल्या निम्म्या लोकांची नावेही आम्हाला सांगता येत नाहीत.

आणि माझ्या वडिलांचा त्यात एकही फोटो नाही. ते दिवसभर कोठीच्या खोलीत होते. किती लाडू पंगतीत गेले, किती उरले, भात आणखी टाकायचा की नाही, हे सगळे त्यांच्या डोक्यावर. फोटोग्राफर त्या खोलीकडे फिरकला नाही. त्याला दोष कसा द्यावा? ‘हे आमचे वडील, यांचा फोटो हवा,’ असे त्याला आम्हीच सांगितले नव्हते. २००३ साली वडील गेले. भिंतीवर लावायला फोटो शोधू लागलो तेव्हा बँकेच्या पासबुकावरचा तेवढा मिळाला. तोच मोठा करून लावला आहे. शिक्क्याची निळी रेघ त्यांच्या खांद्यावर अजून दिसते.

दाजींचा हट्ट

आता भाचीचे लग्न. माझी थोरली बहीण वाई तालुक्यात दिलेली. तीन एकर बागायत, त्यात ऊस आणि हळद. दाजी मानी स्वभावाचे. पहिल्या मुलीचे लग्न, तेव्हा चारशे पत्रिका, मोठा मांडव, बँड असा त्यांचा बेत. त्यासाठी हळदीच्या पट्टीवर उचल घ्यायची आणि कमी पडले तर सोसायटीच्या कर्जाचे पाहू, असे त्यांनी मनाशी धरले होते.

मी त्यांच्यापुढे वहीत आकडे मांडले. जे कर्ज पिकासाठी मिळते ते मांडवात गेले की पुढच्या वर्षी लागवडीला सावकार आला, हे मी नोकरीत पुष्कळ घरी पाहिले आहे. २०२० साली साथीमुळे सरकारने लग्नाला पन्नास माणसांची मर्यादा घातली होती. तेव्हा लागलेली लग्ने काही कमी पक्की झाली नाहीत. भाचीनेही आईजवळ हळूच सांगितले होते, की मला लहानच लग्न हवे. वरपक्षही समजूतदार निघाला. दोन्हीकडची मिळून चाळीस माणसे ठरली.

दाजी कबूल झाले, पण मनातून नाही. ते एकच वाक्य पुन्हा पुन्हा बोलत, “भावकीला तोंड कसं दाखवू? लोक म्हणतील, पोरीचं लग्न चोरून लावलं.”

हा प्रश्न खरा होता. गावात राहायचे तर भावकी लागते. उद्या बांधावरून पाणी न्यायचे, मळणीला माणूस मागायचे, रात्री-अपरात्री दवाखाना गाठायचा, तर तीच माणसे धावतात. त्यांना वगळून लग्न लावायचे म्हणजे त्यांचे मन राखायला दुसरी काही तरी सोय हवी. विचार करता करता मला सुचले, की जे येणार नाहीत त्यांच्या हातात लग्न नेऊन द्यायचे. प्रत्येक घरी एक फोटो आणि दाजींच्या हातचे पत्र. मात्र फोटो असा हवा, की पाहणाऱ्याला आपण तिथे उभे होतो असे वाटले पाहिजे. आहेराच्या रांगेने ते काम होणार नाही.

जागा कशी निवडली

वाईपासून तीनेक किलोमीटरवर कृष्णाकाठी मेणवली गाव आहे. पेशवाईतले मुत्सद्दी नाना फडणवीस यांचा वाडा तेथे आहे. नानांचा काळ १७४२ ते १८०० हा. वाड्याला सहा चौक आहेत, भिंतींवर जुनी रंगीत चित्रे आहेत. इतिहासाच्या अभ्यासकांना ठाऊक असलेले मेणवली दफ्तर ते याच ठिकाणचे. वाड्यामागे काळ्या दगडाचा घाट नदीत उतरतो. घाटावर महादेवाचे आणि विष्णूचे देऊळ आहे. तेथेच एक मोठी घंटा आहे. चिमाजी अप्पांनी १७३९ साली पोर्तुगीजांकडून वसई जिंकली, त्यानंतर तिकडून आलेली ही घंटा. तिच्यावर मेरी आणि बाळ येशू यांची आकृती आहे. महादेवाच्या दाराशी ती इतकी वर्षे आहे आणि कोणाला त्यात वावगे वाटले नाही. २००४ साली आलेल्या ‘स्वदेस’ या चित्रपटात हा घाट दिसतो, म्हणून शहरातली मंडळीही तो ओळखतात.

माझ्या बहिणीच्या लहानपणापासूनच्या आठवणी या नदीच्या आहेत, आणि भाचीचे तर अर्धे बालपण घाटावर गेले. तेव्हा लग्न घाटावर, देवळासमोर लावावे आणि जेवणे घरच्या खळ्यावर करावीत असे ठरले. घाटावर चूल नाही, पत्रावळी नाहीत, लाऊडस्पीकर नाही. महिनाभर आधी मी आणि दाजी जाऊन देखभाल पाहणाऱ्या मंडळींना भेटलो, किती माणसे येणार, किती वेळ थांबणार, काय काय आणणार हे सांगितले आणि परवानगी घेतली.

तुमच्या गावाजवळही असे एखादे हेमाडपंती देऊळ, बारव, गढी किंवा वाडा असेल. लहान कार्याला अशी जागा फार शोभते, कारण तिला सजवावे लागत नाही. आंब्याचे डहाळे आणि झेंडूची दोन तोरणे पुरतात. पण आधी विचारणे हा पहिला धडा. पुरातत्त्व खात्याचा फलक असेल तर तो नीट वाचा. केंद्र सरकारच्या संरक्षित स्मारकाला इजा केली तर १९५८ च्या कायद्यात २०१० साली झालेल्या दुरुस्तीप्रमाणे दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. कायद्याची भीती बाजूला ठेवली तरी, अडीचशे वर्षे टिकलेली वस्तू आपल्या दोन तासांच्या कार्याने बिघडू नये, एवढी लाज आपल्याला हवी.

दगडाचा मान

हळदीचे पीक घेणाऱ्यांना सांगायला नको, की हळदीचा डाग किती चिवट असतो. त्यात चुना मिसळला तर तो लाल होतो. तेल दगडात मुरते आणि त्यावर धूळ बसून कायमचा काळा पट्टा उमटतो. मग कोणी तरी ॲसिड ओतून घासतो आणि दगडाचीच साल निघते. म्हणून हळदीचा कार्यक्रम घरच्या अंगणात उरका. समया पितळी ताटात ठेवा, ताटाखाली केळीचे पान घाला. खिळा ठोकू नका, चिकटपट्टी लावू नका. तोरण बांधायचे तर सुतळीने दोन बांबूंना बांधा आणि बांबू रेती भरलेल्या डब्यांत उभे करा. वाड्यातल्या चित्रांसमोर फोटो काढायचा असेल तर फ्लॅश बंद ठेवा आणि पाठ भिंतीला टेकवू नका. अंगाचा घाम आणि केसांचे तेल रंग खाते.

आणखी एक गोष्ट शेतकी खात्याचा माणूस म्हणून सांगतो. जुन्या कमानी, शिखरे आणि नदीकाठचे मोठे वृक्ष येथे आग्या मोहोळ असते. एक दिवस आधी मान वर करून नीट पाहून घ्या. फटाके, धूर आणि डोक्यावर घोंगावणारे यंत्र यांनी माश्या खवळतात आणि मग नवरा-नवरीसकट सगळ्यांना पळावे लागते. दाजींच्या पुतण्याला कोणाचा तरी ड्रोन आणायचा होता. मी त्याला स्पष्ट नाही म्हटले.

उजेडाचे गणित

मला फोटोचे शिक्षण कोणी दिले नाही. जे आले ते उसाच्या पानामुळे. २००२ साली उसावर लोकरी मावा आला तेव्हा कार्यालयाकडे त्याचे फोटो पाठवायचे काम माझ्याकडे होते. हा मावा पानाच्या खालच्या बाजूला पांढऱ्या कापसासारखा बसतो. भर दुपारी फोटो काढला की नुसता पांढरा ठिपका दिसे. सकाळी, तिरप्या उन्हात, पान उलटे धरून काढला की एकेक तंतू दिसे. तेव्हा मी शिकलो, की कॅमेरा कितीही महाग असो, तो उजेडाचा गडी आहे.

हेच गणित लग्नाला लागू पडते. दुपारी बारा वाजता ऊन डोक्यावरून पडते. त्यामुळे डोळ्यांच्या खोबणीत आणि नाकाखाली काळ्या सावल्या पडतात, नवरी दमलेली दिसते, मुंडावळ्यांची सावली कपाळावर रेघोट्या ओढते. गुरुजींनी आम्हाला दोन मुहूर्त दिले होते, सकाळचा नऊ चाळीसचा आणि दुपारचा साडेबाराचा. आम्ही सकाळचा घेतला. डिसेंबरात त्या वेळी ऊन कोवळे असते आणि नदीवरचे धुके नुकते विरत असते. सकाळ जमत नसेल तर गोरज मुहूर्त चांगला, पण सूर्य बुडाला की उजेड झपाट्याने जातो, म्हणून घरच्यांचा एकत्र फोटो आधी काढून घ्या.

आम्ही दोघे, म्हणजे मी आणि तो पुतण्या, आदल्या दिवशी बरोबर त्याच वेळी घाटावर जाऊन बसलो. ऊन कोठे पडते, सावली कोठे सरकते, कोणत्या पायरीवर शेवाळ आहे, हे पाहून ठेवले. जे शिकलो ते थोडक्यात देतो.

१. उन्हात डोळे बारीक होतात. शक्यतो माणसांना सावलीच्या कडेला उभे करा आणि तोंड मोकळ्या आकाशाकडे करा. देवळाच्या मंडपाच्या तोंडाशी मिळतो तसा उजेड स्टुडिओतही मिळत नाही.

२. काळा दगड कॅमेऱ्याला फसवतो. मागे सगळे काळे दिसल्यामुळे मोबाईल उजेड वाढवतो आणि चेहरे पांढरे फटक येतात. अशा वेळी पडद्यावर चेहऱ्याच्या जागी बोट टेकवावे आणि उजेडाची खूण दिसली की ती थोडी खाली ओढावी.

३. बोटांनी चित्र मोठे करून लांबून फोटो घेऊ नका. चार पावले पुढे जा. ते जमत नसेल तर तो फोटो सोडून द्या.

४. खांबाला खांदा टेकवा, कोपर पोटाशी धरा, श्वास रोखा आणि मग बटण दाबा. बंदूक धरणारा जसा उभा राहतो तसे.

५. मोबाईलची काच मऊ सुती फडक्याने पुसा. लग्नाच्या दिवशी हाताला हळद आणि तेल असते, आणि निम्मे फोटो त्यामुळेच धुरकट येतात.

६. मोबाईलमधली जागा आदल्या रात्री रिकामी करा, चार्जिंग पूर्ण करा आणि कार्याच्या वेळी विमानाची खूण असलेले बटण दाबून फोन येणे बंद ठेवा. कन्यादानाच्या वेळी खतवाल्याचा फोन आला तर क्षण परत येत नाही.

काळ्या दगडापुढे पिवळी अष्टपुत्री, हिरवा चुडा आणि तांबडे कुंकू किती उठून दिसते, ते एकदा पाहावे. आपल्या आज्या-पणज्यांनी हे रंग असेच दगडी घरांत आणि मातीच्या अंगणांत नेसले आहेत. प्लॅस्टिकच्या फुलांपुढे आणि रंगीत दिव्यांपुढे ते फिके पडतात.

कोणाचे फोटो काढायचे

आदल्या रात्री मी बहिणीला आणि भाचीला समोर बसवून एक यादी केली. हे काम मला सगळ्यात महत्त्वाचे वाटते. यादीत विधी होते, देवक, कन्यादान, अंतरपाट, लाजाहोम, सप्तपदी. पण त्याआधी आम्ही माणसे लिहिली. वाटणाऱ्या, वाढणाऱ्या, दिवे सांभाळणाऱ्या, चपला राखणाऱ्या माणसांची नावे. आमची आई ब्याऐंशी वर्षांची, तिच्या नावापुढे मी दोनदा रेघ ओढली. ज्यांना फोटो नको असतो, जी पदर पुढे ओढून बाजूला होतात, त्यांच्या नावावर खूण केली. अशांना “इकडे बघा” म्हणू नये. ती आपल्या कामात असताना काढलेला फोटोच खरा असतो. अक्षता निवडणारी बोटे, मुलीच्या पायात जोडवी चढवताना वाकलेली पाठ, नवरदेवाचा फेटा तिसऱ्यांदा बांधणारा काका, यांत लग्न असते.

आणि एक कठोर नियम केला. विधी चालू असताना पाहुण्यांचे मोबाईल बहिणीच्या दुरडीत. एरवी अंतरपाट खाली येतो तेव्हा समोर चेहरे दिसत नाहीत, हातातले वीस मोबाईल दिसतात. एका काकांनी कुरकुर केली, पण बहिणीने दुरडी त्यांच्यापुढून हलवलीच नाही. शेवटी त्यांनी मोबाईल ठेवला. मंगलाष्टके म्हणताना त्यांचाच आवाज सगळ्यांत मोठा होता. हात मोकळे होते ना!

लग्नाची घटका

आता झालेली फजिती सांगतो. फोटोची जबाबदारी मी अंगावर घेतली, उजेड पाहिला, यादी केली, आणि मुहूर्ताच्या वेळी गुरुजींनी हाक मारली, “मुलीचे मामा, मागे उभे राहा.” मी मामा आहे, हेच विसरलो होतो! भाचीच्या पाठीशी उभा राहणारा माणूस फोटो कसा काढणार? गळ्यातला कॅमेरा काढून बहिणीच्या हातात दिला आणि पुतण्याला खुणेने सांगितले, आता सगळे तुझ्यावर. त्याच्याकडे मोबाईल होता. वय एकोणीस. मी एवढेच बोललो, “अंतरपाट पडताना दोघांचे चेहरे. बाकी काही चुकले तरी चालेल.”

मंगलाष्टके संपली, ‘सावधान’ झाले, अंतरपाट खाली आला, अक्षता उडाल्या. नवरा-नवरी एकमेकांकडे पाहून हसली. मी पाठीमागून फक्त भाचीचा अंबाडा पाहिला.

कार्य उरकल्यावर पुतण्या माझ्याजवळ आला. त्याचा चेहरा उतरला होता. “मामा, अंतरपाट पडला तो फोटो चुकला.”

मी चिडलो, हे कबूल करतो. एवढी तयारी, आणि जे एकच सांगितले तेच राहिले. मी त्याला विचारले, “मग तू पाहत होतास कुठे?” त्याने मोबाईल पुढे केला.

दाजी घंटेच्या बाजूला, सगळ्यांच्या मागे उभे होते. पुढे यायला ते तयारच नव्हते. अंतरपाट पडला त्या क्षणी त्यांनी उपरण्याचा शेव तोंडाशी धरलेला, अक्षतांची मूठ तशीच मिटलेली आणि नजर मुलीवर. त्यांच्या पुढे पायरीवर आमची आई बसलेली, तिचा हात मात्र वर गेलेला, अक्षता अर्ध्या हातात आणि अर्ध्या हवेत. मागे काळा दगड आणि त्यावर तिरपे ऊन. पुतण्या म्हणाला, “मी तिकडंच बघत होतो, पण काका दिसले आणि हात आपोआप फिरला.”

माझ्या तोंडून शब्द निघाला नाही. अल्बमात वडिलांची जागा सत्तावीस वर्षे रिकामी असलेला माणूस मी. आणि ज्या क्षणी माझेही लक्ष बाप माणसाकडे नव्हते, त्या क्षणी या पोराचे होते. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

फोटो घरोघर गेले

दाजींना तो फोटो आवडला नाही. “रडका फोटो कशाला? नवरा-नवरीचा पाठवा,” असे ते म्हणाले. बहीण म्हणाली, “नवरा-नवरी सगळ्यांच्याच फोटोत असतात. हाच जाऊ दे.” शेवटी दोन्ही पाठवायचे ठरले. तालुक्याच्या स्टुडिओतून भावकीच्या बासष्ट घरांसाठी प्रत्येकी दोन फोटो छापून घेतले. दाजींनी तीन रात्री बसून पत्रे लिहिली. मजकूर साधा होता, की ऐपतीप्रमाणे लहान कार्य केले, तुम्हाला बोलावता आले नाही याचे वाईट वाटते, मुलीला आशीर्वाद द्यावा. लिफाफे त्यांनी स्वतः सायकलवरून फिरून हातात दिले. मोबाईलवर एका बोटाने सगळ्यांना पाठवता आले असते, पण त्यात फिरण्याचे कष्ट नाहीत आणि उंबऱ्यावर टेकून घेतलेला चहाही नाही.

एक चुलत भाऊ बांधाच्या वादावरून चार वर्षे बोलत नव्हता. त्याच्या दारात दाजी उभे राहिले तेव्हा त्याने आधी लिफाफा घेतला आणि उघडून उभ्याउभ्याच पाहिला. बराच वेळ पाहत राहिला. मग म्हणाला, “घंटेपाशी मागं कशाला उभा राहिलास? बाप तू. पुढं नाही का व्हायचं?” आणि घरात हाक मारून पाट टाकायला सांगितला. बांधाचा वाद मिटला असे मी म्हणणार नाही. पण बोलणे सुरू झाले. पुढच्या वर्षी हळद शिजवायच्या दिवशी तो मदतीला आला होता.

जी उचल घ्यायची होती ती घेतली नाही. एका एकरावर ठिबक बसले. पण माझ्या मते त्या लग्नाची खरी शिल्लक तो फोटो आहे.

बियाण्यासारखे जपा

शेवटी जपणुकीविषयी दोन शब्द. आपण बियाणे सुकवून, ओल न लागेल असे ठेवतो. फोटोलाही ओल आणि बुरशी हेच शत्रू. पावसाळ्यात ओल धरणाऱ्या बाहेरच्या भिंतीवर फोटो लावू नका, आतल्या भिंतीवर लावा. थेट ऊन पडेल तेथेही नको, रंग उडतो. बाकीचे फोटो कोरड्या पत्र्याच्या पेटीत ठेवा आणि दिवाळीच्या साफसफाईत एकदा वारा दाखवा. मोबाईलवरून फोटो पाठवताना तो लहान होतो, म्हणून स्टुडिओवाल्याला मूळ फाईल द्या. मूळ फोटो दोन वेगवेगळ्या ठिकाणी ठेवा, एक घरी आणि एक मुलाकडे किंवा बहिणीकडे. मोबाईल विहिरीत पडतो, नांगराखाली येतो, बिघडतो. त्याच्या भरवशावर तीन पिढ्यांची आठवण ठेवू नये.

आणि प्रत्येक फोटोमागे मऊ पेन्सिलीने नावे, गाव आणि तारीख लिहा. बॉलपेन दाबून लिहू नका, त्याचा वळ पुढच्या बाजूला उमटतो. आज तुम्हाला सगळी माणसे ठाऊक आहेत. पन्नास वर्षांनी तुमची नात पेटी उघडेल तेव्हा तिला विचारायला कोणी नसेल.

भाचीच्या फोटोमागे मी स्वतः लिहिले आहे. आईचे नाव, दाजींचे नाव, मेणवली घाट, डिसेंबर २०२२. पुतण्या आग्रहाने म्हणाला, की फोटो कोणी काढला तेही लिहा. तेही लिहिले.

या हंगामात तुमच्या घरी कार्य असेल तर फोटोवाल्याला बयाणा देताना दहा मिनिटे त्याच्याबरोबर बसा. घरातली दमलेली, मागे उभी राहणारी, कोठीत अडकलेली माणसे त्याला बोट दाखवून सांगा. आमच्या घरी ते कोणी सांगितले नाही, म्हणून वडिलांच्या खांद्यावर बँकेचा शिक्का आहे.